कडक बिअरचं खरं काम यीस्टचं

घरी केलेली पहिली बिअर जमली की पुढचा बेत बहुतेकांचा एकच असतो: आता जरा कडक करू, त्याच कृतीत साखर वाढवू. गैरसमजांची सुरुवात इथूनच होते.

साखरेनं अल्कोहोल वाढतं, हे खरं. २० लिटरमध्ये किलोभर साखर जास्त घातली तर सुमारे अडीच टक्के भर पडते. पण यीस्ट साखर पूर्ण फस्त करतं, मागे अंग असं काही उरत नाही, आणि बिअर पातळ लागते. बेल्जियमच्या ट्रिपेल या कडक बिअरमध्ये साखर मुद्दाम घालतात, कारण नऊ टक्क्यांवर जाऊनही ती जड होऊ द्यायची नसते. बार्लीवाइन किंवा इम्पीरियल स्टाउटसारखी भारदस्त बिअर हवी असेल, तर मात्र बळ माल्टमधूनच (मोड आणून वाळवलेल्या जवातून) यायला हवं.

त्यातही गोडी जितकी जास्त तितकं यीस्टचं काम कठीण. आपला मोरावळा वर्षभर टिकतो तो साखरेच्या पाकामुळेच. एवढ्या गोडात सूक्ष्मजीवांना जगायला पाणी मिळत नाही. कडक बिअरच्या दाट वॉर्टमध्ये, म्हणजे न आंबलेल्या माल्टच्या गोड पाण्यात, यीस्टला सौम्य प्रमाणात तोच ताण सोसावा लागतो, आणि पुढे स्वतःच तयार केलेलं अल्कोहोलही झेलावं लागतं. म्हणून ते सुरुवातीलाच भरपूर हवं. शिवाय त्याला प्राणवायू हवा, कारण पेशींची आवरणं मजबूत करायला तो लागतो. वॉर्ट थंड झाल्यावर, यीस्ट टाकण्याआधी, बादली झाकण लावून जोरात हलवायची. आंबणं सुरू झाल्यानंतर मात्र हवा शत्रू.

‘यासाठी महागडी उपकरणं लागतात’ हा दुसरा समज. लागत नाहीत; घाणा लहान करावा लागतो. नवशिक्याच्या संचातल्या २५ लिटरच्या बादलीत फक्त १० लिटर करा. सुमारे २ किलो ४०० ग्रॅम सुकं माल्ट एक्स्ट्रॅक्ट तेवढ्यात विरघळलं की घनता मोजणारा हायड्रोमीटर १.०९० च्या आसपास दाखवतो. आंबून तो आकडा १.०२० पर्यंत उतरला, तर दोहोंतला फरक गुणिले १३१.२५, म्हणजे सुमारे ९.२ टक्के अल्कोहोल. ११ ग्रॅमचं जे पाकीट साध्या २० लिटरला पुरतं, तेच या १० लिटरला वापरायचं, म्हणजे यीस्टचा प्रश्नही सुटतो. वर राहिलेल्या मोकळ्या जागेत फेसही मावतो. एवढ्या वॉर्टला घरातलं मोठं स्टीलचं पातेलं पुरेसं आहे.

‘कडक म्हणजे घशाशी जळणारच’ हे मला अजिबात मान्य नाही. ही जळजळ बहुतेक वेळा उष्णतेनं येते. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे बादलीच्या आत खोलीपेक्षा तीन-चार अंश जास्त असू शकतात. पहिले तीन दिवस आतलं तापमान १८ ते २० अंशांत राहिलं, तर नऊ टक्क्यांची बिअरही मऊ लागते. बादली पाण्याच्या टबात ठेवून पाण्यात बर्फाच्या बाटल्या सोडल्या तरी भागतं.

काळी म्हणजे कडक, या समजाबद्दल दोनच शब्द. काळीभोर गिनेस ड्राफ्ट ४.२ टक्क्यांची असते आणि सोनेरी वेस्टमाल ट्रिपेल ९.५ टक्क्यांची. रंग भाजलेल्या धान्यातून येतो.

घरचं मद्य विषारी होतं, ही भीती मात्र गांभीर्यानं घ्यायला हवी. २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूनं शंभराहून अधिक माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. जवाच्या माल्टमध्ये पेक्टिन अत्यल्प असतं, म्हणून बिअर आंबताना मिथेनॉल नगण्यच तयार होतं. दारू गाळणं हा वेगळा विषय. परवान्याशिवाय ते ब्रिटन-अमेरिकेतही गुन्हा आहे. बिअर करायला ब्रिटनमध्ये १९६३ पासून परवाना लागत नाही, आणि अमेरिकेत १९७८ च्या केंद्रीय कायद्यानं घरगुती वापरापुरती मुभा दिली. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही, अगदी स्वतःपुरतंही. इथली कृती मुभा असलेल्या देशांत राहणाऱ्यांसाठीच आहे.

खरा धोका बाटल्यांचा. ‘बुडबुडे थांबले म्हणजे झालं’ असं समजून लोक बाटल्या भरतात. झाकण सैल असलं तरी बुडबुडे थांबतात, आणि दमलेलं यीस्ट अर्ध्यावर थांबलं तरीही. १.०३५ वर अडकलेली बिअर बाटलीत पुन्हा आंबायला लागली, तर काच फुटून माणूस जखमी होऊ शकतो. हायड्रोमीटरचा आकडा तीन-चार दिवसांच्या अंतरानं दोनदा तोच आला पाहिजे, आणि तो अपेक्षित आकड्याच्या जवळ हवा. तो वरच अडकला असेल, तर बादली थोड्या उबदार जागी हलवा आणि गाळ हलकेच ढवळून यीस्ट पुन्हा वर आणा.

आणि हो, पंधरा दिवसांत प्यायची घाई नको. अशा बिअरला मुरायला महिने लागतात. बाटलीत फेस यावा म्हणून लिटरला सुमारे ६ ग्रॅम साखर पुरते. बिअर बरेच आठवडे बादलीत राहिली असेल, तर भरताना दोन-तीन ग्रॅम ताजं यीस्ट मिसळा. बाटली भरताना नळी तळाशी टेकवा, म्हणजे बिअर उसळून हवा मिसळणार नाही.