शिकागोहून वॉलआय मासे पकडायला कुठे जावं?

शनिवार-रविवार आणि गाडी एवढंच हाताशी असेल, तर मी डोळे झाकून ओहायोतल्या पोर्ट क्लिंटनचं नाव घेतो. शिकागोहून साधारण साडेचार तास. वाटेत घड्याळ तासभर पुढे जातं हे धरून निघा, पहाटेची बोट कुणासाठी थांबत नाही!

पोर्ट क्लिंटन ज्याच्या काठावर आहे तो इरी सरोवराचा पश्चिम भाग सरासरी जेमतेम 24 फूट खोल. पाणी लवकर तापतं, अंडी घालायला मॉमी आणि सँडस्की नद्या जवळ, म्हणून इथे वॉलआय भरपूर. पण उथळपणामुळेच वारा सुटला की लाटा चटकन उसळतात आणि बोटी धक्क्यालाच राहतात. तेव्हा हॉटेलचे पैसे आगाऊ भरू नका. गुरुवारी वाऱ्याचा अंदाज बघा, मगच ठरवा. गाडीने जाण्याचा खरा फायदा हाच. स्वतःची बोट नसेल तर चार्टर मिळते. परवाना मात्र ओहायोचा लागतो आणि 15 इंचांपेक्षा लहान मासा परत सोडायचा.

इतकं लांब नको? विस्कॉन्सिनमधलं विनेबॅगो तळं तीन तासांवर आहे. तिथले वॉलआय वसंतात अंडी घालायला वुल्फ नदीच्या वरच्या दलदलीत जातात, त्यामुळे एप्रिलमध्ये तळ्यापेक्षा नदी बरी.

मिनेसोटाचं मिल लॅक्स तळं प्रसिद्ध खरं, पण एका बाजूचे आठ तास आणि मासा घरी नेण्याचे सतत बदलणारे नियम. दोन दिवसांसाठी मी तरी जाणार नाही. मला रव्यात घोळवून तळलेला वॉलआय ताटात हवा असतो.