सातारा व सांगली जिल्ह्यांतील शालेय वाहतूक सुरक्षा

शालेय वाहतूक सुरक्षा म्हणजे शाळा भरताना व सुटताना विद्यार्थ्यांची ने-आण निर्धोक व्हावी यासाठी असलेले नियम, व्यवस्था आणि प्रथा. घर ते शाळा हा संपूर्ण प्रवास तिच्या कक्षेत येतो. वाहनातून उतरल्यापासून शाळेच्या फाटकापर्यंतचे अखेरचे काही मीटर हा या प्रवासातील विशेष जोखमीचा भाग होय. पश्चिम महाराष्ट्रातील सातारा व सांगली जिल्ह्यांत जुन्या शहरांचे अरुंद रस्ते, पुणे–बंगळूर राष्ट्रीय महामार्ग आणि ऊसवाहतूक यांमुळे या प्रश्नाला स्थानिक स्वरूप आले आहे.

पार्श्वभूमी

सातारा शहर अजिंक्यतारा किल्ल्याच्या पायथ्याशी उतारावर वसले आहे. राजवाडा ते पोवई नाका या पट्ट्यातील राजपथ व कर्मवीर पथ हे शहराचे प्रमुख रस्ते असून जुन्या पेठा, बाजार व अनेक शाळा त्यांच्या आसपास आहेत. भीमराव रामजी आंबेडकर यांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातील ज्या शाळेत प्रवेश घेतला ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल या नावाने ओळखली जाते. हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्या काळी मुले पायीच शाळेत जात. शहराच्या जुन्या भागातील रस्त्यांची रुंदी मोटारींच्या आधीच्या काळातील आहे. पोवई नाक्यावरील वाहतूक विभागण्यासाठी भुयारी स्वरूपाचा ग्रेड सेपरेटर बांधण्यात आला व तो २०२१ मध्ये खुला झाला. मात्र अशा रचनेने नाक्यावरील कोंडी हलकी झाली, तरी शाळेच्या दारातील गर्दीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

सांगली, मिरज व कुपवाड या शहरांची मिळून १९९८ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. सांगलीचा गावभाग व खणभाग हे दाट वस्तीचे जुने भाग आहेत, तर विश्रामबाग परिसर सांगली–मिरज रस्त्यालगत वाढला. विलिंग्डन महाविद्यालय व वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय याच परिसरात असल्याने येथे शाळकरी मुले, महाविद्यालयीन दुचाकीस्वार, शहरी बस आणि दोन शहरांमधील वाहतूक एकाच रस्त्यावर येते.

ग्रामीण भागात विद्यार्थी पायी, सायकलने, एस.टी.ने किंवा ‘वडाप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रवासी जीपने शाळेत जातात. राज्य परिवहन महामंडळाच्या सवलतीच्या मासिक पासमध्ये विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सूट मिळते. मुलींसाठी मोफत पासची योजना आहे. त्यामुळे माध्यमिक शाळेतील मुलींच्या दृष्टीने एस.टी. थांबा हा शाळेच्या फाटकाइतकाच महत्त्वाचा असतो.

धोक्याचे स्वरूप

*शाळेच्या दारात*

शहरी शाळांपुढील गर्दी प्रामुख्याने पालकांच्या दुचाकी व मोटारी, रिक्षा आणि शालेय बस यांची असते. शाळा सुटण्याच्या वेळी ही सर्व वाहने दहा-पंधरा मिनिटांच्या अवधीत एकत्र येतात. दोन रांगांत उभी केलेली वाहने, रस्त्यातच वळविल्या जाणाऱ्या मोटारी, मागे घेतल्या जाणाऱ्या व्हॅन आणि उभ्या वाहनांच्या फटीतून बाहेर येणारी मुले ही येथील नेहमीची दृश्ये आहेत. रस्ता धोक्याचा वाटतो म्हणून पालक मुलाला वाहनाने सोडतात, आणि त्या वाहनाने पायी येणाऱ्या इतर मुलांचा धोका वाढतो. धोका वाढला की आणखी पालक वाहन काढतात. या चक्रामुळे शाळेच्या दारातील जोखीम बऱ्याच अंशी मुलांच्या काळजीपोटी आलेल्या वाहनांनीच निर्माण होते.

भारतात वाहतूक डाव्या बाजूने चालते. त्यामुळे मुलाने वाहनाच्या डाव्या बाजूने, म्हणजे पदपथाकडे, उतरणे सुरक्षित असते. पालकाने रस्त्याच्या विरुद्ध बाजूस वाहन थांबवून मुलाला हाक मारल्यास ते वाहतुकीकडे न पाहता थेट हाकेच्या दिशेने धावण्याचा संभव असतो.

*महामार्गालगत*

राष्ट्रीय महामार्ग ४८ सातारा जिल्ह्यात शिरवळपासून भुईंज, सातारा, उंब्रज व कऱ्हाडमार्गे सांगली जिल्ह्यातील कासेगाव, नेर्ले, पेठ व कामेरी या गावांजवळून जातो. महामार्गाच्या एका बाजूस गावठाण व दुसऱ्या बाजूस शाळा, शेती किंवा वस्ती अशी स्थिती अनेक ठिकाणी आढळते. भुयारी मार्ग दूर असल्यास किंवा पावसाळ्यात त्यात पाणी साचल्यास मुले दुभाजक ओलांडून जातात. सातारा–कागल टप्प्याच्या सहापदरीकरणाच्या कामात वाहतूक सेवारस्त्यांवर वळविली गेली. हेच रस्ते स्थानिक मुलांच्या सायकलींचेही असतात.

*गळीत हंगाम*

दोन्ही जिल्ह्यांत सह्याद्री (यशवंतनगर), कृष्णा (रेठरे बुद्रुक), अजिंक्यतारा (शेंद्रे), राजारामबापू (साखराळे) व क्रांतिअग्रणी (कुंडल) असे अनेक सहकारी साखर कारखाने आहेत. सांगलीचा वसंतदादा कारखाना तर शहरालगतच आहे. गळीत हंगाम साधारणतः दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालतो. म्हणजेच शाळांचे दुसरे सत्र आणि ऊसवाहतूक एकाच काळात येतात. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर लांबीमुळे वळणावर अधिक जागा व्यापतो. रुंद मोळ्यांमुळे चालकाला मागचे दिसत नाही आणि असा भरलेला ट्रॅक्टर उतारावर चटकन थांबू शकत नाही. हिवाळ्यात सकाळच्या धुक्यात व सायंकाळी शिकवणीवरून परतताना, परावर्तक नसलेली ट्रॉली किंवा बैलगाडी सायकलस्वार मुलाला उशिरा दिसते. चालत्या ट्रॉलीला लोंबकळणे व त्यातील ऊस ओढणे ही मुलांची सवयही जीवघेणी ठरू शकते.

मुलांच्या मर्यादा

साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना येणाऱ्या वाहनाचा वेग व अंतर यांचा एकत्रित अंदाज नीट बांधता येत नाही. उंची कमी असल्याने उभ्या मोटारीपलीकडचे त्यांना दिसत नाही व चालकालाही ती दिसत नाहीत. बस किंवा मालमोटारीच्या अगदी पुढे व मागे असलेले लहान मूल चालकाच्या दृष्टीआड राहते. चेंडू, मित्र किंवा पालक दिसताच लक्ष एकाच गोष्टीकडे वळणे हा बालवयाचा स्वभाव आहे. म्हणून केवळ मुलांना नियम शिकविणे पुरेसे ठरत नाही. चूक झाली तरी जीव वाचेल अशी रस्त्याची रचना व वाहनाचा वेग असणे आवश्यक मानले जाते.

वेगाचा परिणाम साध्या हिशेबाने स्पष्ट होतो. चालकाला धोका लक्षात येऊन ब्रेक दाबण्यास एक सेकंद लागतो असे धरल्यास, कोरड्या रस्त्यावर ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार सुमारे १३ मीटरमध्ये थांबते, तर ताशी ५० किलोमीटर वेगाची मोटार थांबण्यास सुमारे २८ मीटर लागतात. पंधरा मीटरवर मूल आडवे आल्यास पहिली मोटार त्याच्या अलीकडे थांबते. दुसरीचा वेग मात्र त्या अंतरापर्यंत जेमतेम कमी होऊ लागलेला असतो. ओल्या रस्त्यावर ही अंतरे आणखी वाढतात. शाळा जूनमध्ये, पावसाबरोबरच सुरू होतात. फेब्रुवारी २०२० मधील स्टॉकहोम जाहीरनाम्यात पादचारी व वाहने एकत्र येणाऱ्या भागांत ताशी ३० किलोमीटर ही कमाल वेगमर्यादा असावी, असे आवाहन करण्यात आले आहे.

कायदेशीर तरतुदी

*शालेय बस*

सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये एम. सी. मेहता खटल्यात दिल्लीतील वाहतुकीसंबंधी दिलेल्या आदेशांत शालेय बसना बंद होणारे दरवाजे, वेगनियंत्रक, पात्र वाहक व अनुभवी चालक असावेत असे निर्देश दिले होते. महाराष्ट्रात शालेय बससाठी स्वतंत्र नियमावली २०११ मध्ये लागू झाली. पिवळा रंग, आपत्कालीन दरवाजा, अग्निशामक, प्रथमोपचार पेटी, खिडक्यांना आडवे गज आणि विद्यार्थ्यांसोबत सहायक या बाबी शालेय बसच्या व्यवस्थेत अपेक्षित आहेत. योग्यता प्रमाणपत्राची तपासणी परिवहन विभागाची साताऱ्यातील (एमएच-११), कऱ्हाडमधील (एमएच-५०) व सांगलीतील (एमएच-१०) कार्यालये करतात.

नियमावलीनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. तिच्यात पालक, पोलीस, परिवहन विभाग व बस कंत्राटदार यांचे प्रतिनिधी असतात. जिल्हास्तरीय स्कूल बस सुरक्षितता समितीचे अध्यक्षपद, पोलीस आयुक्तालय नसलेल्या जिल्ह्यांत, पोलीस अधीक्षकांकडे असते.

*दुचाकी व मोटार*

मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ नंतरच्या प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे आहेत:

* दुचाकीवर चालकामागे एकच व्यक्ती बसू शकते. उल्लंघनास १,००० रुपये दंड व तीन महिने परवाना अपात्रता.
* चार वर्षांवरील प्रत्येकास शिरस्त्राण बंधनकारक.
* नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलास दुचाकीवर नेताना सुरक्षा पट्टा (हार्नेस) व शिरस्त्राण आवश्यक असून वेग ताशी ४० किलोमीटरपेक्षा अधिक नसावा. हा नियम फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित झाला व एका वर्षानंतर लागू झाला.
* मोटारीत १४ वर्षांखालील मुलास आसनपट्टा किंवा बाल-आसनाने सुरक्षित न केल्यास १,००० रुपये दंड.
* अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि संबंधित मुलास वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही.

शेवटची तरतूद ग्रामीण भागात विशेष लागू पडते. आठवी-नववीतील मुलगा धाकट्या भावंडांना दुचाकीवर शाळेत सोडतो, हे चित्र वाहनांची उपलब्धता व एस.टी.च्या मोजक्या फेऱ्या यांमुळे अनेक गावांत दिसते.

*शाळेचा परिसर*

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ११२ नुसार विशिष्ट रस्त्यावर वेगमर्यादा कमी करता येते. कलम ११५ नुसार ठरावीक प्रकारच्या वाहनांना ठरावीक रस्त्यावर बंदी घालता येते. शाळेच्या वेळांत अवजड वाहनांना मज्जाव करण्याचा आधार याच कलमात आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार शैक्षणिक संस्थांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र घोषित करता येतो.

उपाययोजना

* गतिरोधक: भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार सर्वसाधारण गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असतो. तो ताशी २५ किलोमीटर वेगाने सुखरूप ओलांडता येतो. स्थानिक पातळीवर घातलेले अरुंद व उंच उंचवटे दुचाकीवर मागे बसलेल्या मुलाला धोकादायक ठरतात. गतिरोधकाआधी फलक व त्यावर रंगीत पट्टे आवश्यक असतात.
* सोडण्याची जागा: फाटकापासून काही अंतरावर, मैदानात किंवा रुंद रस्त्यावर वाहने थांबवून पुढचे अंतर मुलांनी पायी जावे, अशी व्यवस्था केल्यास फाटकासमोरील रस्ता मोकळा राहतो.
* टप्प्याटप्प्याने सुट्टी: लहान वर्ग आधी व मोठे वर्ग नंतर, तसेच पायी व सायकलने जाणारी मुले वाहनाने जाणाऱ्यांच्या आधी सोडल्यास गर्दी विभागली जाते.
* रस्ता सुरक्षा दल: ‘आरएसपी’ या नावाने परिचित असलेल्या शालेय पथकातील विद्यार्थी वाहतूक पोलिसांच्या मार्गदर्शनाखाली प्रशिक्षण घेतात. वाहने अडविण्याचे काम मात्र प्रौढ व्यक्तीनेच करणे अपेक्षित आहे.
* ऊसवाहतूक: ट्रॉल्या व बैलगाड्यांना परावर्तक लावणे, तसेच शाळा भरण्या-सुटण्याच्या अर्ध्या तासात गावातील रस्त्यावरून वाहने न सोडणे.
* बसमधून उतरणे: बस निघून जाऊन रस्ता दोन्ही बाजूंनी स्पष्ट दिसेपर्यंत मुलांनी रस्ता न ओलांडणे. बालवर्गातील मूल ओळखीच्या प्रौढाच्याच हाती देणे.

शाळेच्या वेळा

राज्य शासनाने ८ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाद्वारे पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊनंतर भरविण्यास सांगितले. मुलांची झोप पुरी व्हावी हा त्यामागील हेतू होता. हिवाळ्यातील धुके व अंधार टळणे हा वाहतुकीच्या दृष्टीने त्याचा लाभ आहे. दुसरीकडे शाळेची वेळ कार्यालये व बाजारपेठेच्या वेळेजवळ येते आणि एकाच बसने दोन सत्रांच्या फेऱ्या करणे अवघड होते.

अन्य देशांतील पद्धती

जपानमध्ये प्राथमिक शाळेतील मुले वस्तीनुसार गट करून, मोठ्या मुलांच्या सोबतीने पायी शाळेत जातात. ब्रिटनमध्ये शाळेजवळ रस्ता ओलांडून देणाऱ्या कर्मचाऱ्यांना १९५३ च्या कायद्याने वाहने थांबविण्याचा अधिकार मिळाला. अमेरिकेत मुले चढ-उतार करीत असताना थांबलेल्या शालेय बसला ओलांडून जाण्यास साधारणपणे बंदी आहे. इटली, बेल्जियम व ब्रिटनमधील काही शहरांत शाळेसमोरचा रस्ता भरण्या-सुटण्याच्या वेळी वाहनांना बंद केला जातो.

मर्यादा

उपलब्ध नियमांचा भर प्रामुख्याने शालेय बसवर आहे. रिक्षा, वडाप, पालकांची दुचाकी व पायी चालणारी मुले यांचा प्रवास सामान्य वाहतूक नियमांवर सोपविलेला आहे. रिक्षाचा परवाना तीन प्रवाशांचा असला, तरी कमी भाडे व घरापर्यंतची सेवा यांमुळे त्यात अधिक मुले बसविली जातात. कारवाई कडक झाल्यास अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांपुढे परवडणारा दुसरा पर्याय उरत नाही. फाटकाबाहेरील रस्ता नगरपालिका, महानगरपालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद किंवा महामार्ग प्राधिकरण यांपैकी कोणाच्याही अखत्यारीत असू शकतो. वाहने पोलीस व परिवहन विभागाच्या कक्षेत येतात आणि शाळेचा अधिकार फाटकापाशी संपतो. त्यामुळे ज्या थोड्या अंतरात मुलांना सर्वाधिक संरक्षणाची गरज असते, त्याची जबाबदारी अनेक यंत्रणांत विभागली गेली आहे. शाळेची परिवहन समिती ही या सर्वांना एकत्र बसविणारी सर्वांत खालच्या पातळीवरील व्यवस्था असून तिचे कामकाज बसपुरते न ठेवता फाटकासमोरील रस्त्यापर्यंत विस्तारणे हा या क्षेत्रातील सुधारणेचा व्यवहार्य मार्ग आहे.