मगावर उमटलेला मकबरा

कापूर हवेत उडून जातो, पण मधल्या पायरीवर तो पातळ होत नाही. शाळेत याला संप्लवन म्हणतात आणि बहुतेकांचा त्याच्याशी संबंध दहावीपर्यंतच राहतो. छत्रपती संभाजीनगरात बीबी का मकबऱ्यासमोर काढलेला घरचा फोटो मगावर छापून घेणाऱ्याला ठाऊकही नसते, की ते चित्र याच गुणावर उभे आहे.

चिनी मातीवर या छपाईचा रंग धरत नाही. म्हणून छपाईसाठीचे कोरे मग पॉलिस्टरचा पातळ, पारदर्शक थर चढवूनच येतात. फोटो आधी कागदावर उलटा छापायचा, उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीने मगाभोवती घट्ट गुंडाळायचा आणि साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला तीनेक मिनिटे प्रेसमध्ये दाबून धरायचा. शाईतले रंगकण घनरूपातून थेट वायुरूपात जातात आणि उष्णतेने सैलावलेल्या पॉलिस्टरच्या रेणूंमध्ये शिरतात. थंड होताना थर आवळला जातो, रंग आत कोंडला जातो. नखाने खरवडले तरी चित्र निघत नाही, कारण ते थराच्या वर नसून आत असते. याच कारणाने निव्वळ सुती टी-शर्टवर ही छपाई टिकत नाही. हे रंग १९२०च्या दशकात अ‍ॅसिटेट या कृत्रिम धाग्यासाठी तयार झाले होते. चहाच्या भांड्यावर ते चढतील असे तेव्हा कुणाच्या मनातही नसावे.

आणखी एक गंमत म्हणजे या शाईत पांढरा रंगच नसतो. मगावरचा शुभ्र घुमट हा न छापलेला, कोरा सोडलेला मग असतो. खुद्द मकबऱ्यातही संगमरवर सगळीकडे नाही. तो खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला आहे. मधल्या बऱ्याचशा भागात दगडावर चुन्याचा तुकतुकीत गिलावा आहे. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू बेगम हिच्या या कबरीला ‘ताजची नक्कल’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांची मला गंमत वाटते. प्रतिकृती हा या शहराचा जुना धंदा आहे. इथला हिमरू म्हणजे तरी काय? जरीच्या किनखाबाचा थाट सूत आणि रेशमात उतरवण्याची कारागिरी.

या भागातली चित्रे दूरच्या गिऱ्हाइकाला विकण्याची कथाही जुनीच. मद्रास लष्करातल्या रॉबर्ट गिलला १८४४मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम मिळाले. त्याने वर्षानुवर्षे खपून मोठमोठे तैलपट रंगवले आणि ते लंडनला गेले. डिसेंबर १८६६मध्ये सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथे मांडलेले त्याचे पट जळाले. पुढे जॉन ग्रिफिथ्सने मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा प्रतिकृती केल्या, तर त्यांतल्याही कितीतरी १८८५च्या लंडनमधल्या आगीत गेल्या.

गिल मात्र मधल्या काळात कॅमेऱ्याकडे वळला होता. १८६४मध्ये लंडनला त्याच्या फोटोंची दोन पुस्तके निघाली, दोन्हींना मजकूर जेम्स फर्ग्युसनचा. एकात कोरीव लेण्यांचे ७४ फोटो, दुसऱ्यात पश्चिम भारतातल्या वास्तूंचे आणि निसर्गाचे १०० स्टिरिओस्कोपिक फोटो. एकाच दृश्याच्या, दोन डोळ्यांइतक्या अंतरावरून घेतलेल्या दोन प्रती शेजारी ठेवायच्या आणि भिंगांतून पाहायच्या. मग लेणे खोल, भरीव दिसते. कधी हिंदुस्थानात न आलेला माणूस आपल्या दिवाणखान्यात बसून अजिंठा, वेरूळ बघू शकत होता. तैलपट एकेकच होते, त्यांतले बहुतेक एका आगीत संपले. फोटो अनेक घरांत पांगले होते, म्हणून राहिले. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे गिल आणि त्याची प्रेयसी पारो मराठी घरांत पोचले, गिलचा कॅमेरा मात्र मागेच पडला.

आताचा ऑनलाइन विक्रेता एका अर्थी गिलच्या उलट आहे. तो आधी माल करून ठेवत नाही. त्याच्याकडे कोरे मग असतात, गिऱ्हाईक फोटो चढवते, ऑर्डर आली की छपाई होते. मगाची साधारण २० बाय ९ सेंटिमीटरची छपाईची जागा ३०० डीपीआयने भरायची तर सुमारे २४०० बाय १०६० पिक्सेल लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून दाबून आलेल्या गटफोटोतला एकच चेहरा कापून दिला, तर तो धूसरच छापला जाणार.

फोटो कोणाचा, हा प्रश्नही असतोच. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७नुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा असतो. म्हणजे लग्नाचा अल्बम मगावर छापायला फोटोग्राफरची परवानगी सहसा लागत नाही. गिलच्या १८६४च्या फोटोंवर आज कुणाचाच हक्क उरलेला नाही. नटाचा चेहरा मात्र जपून वापरावा. सप्टेंबर २०२३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूरचे नाव, प्रतिमा, आवाज आणि ‘झकास’ हा त्याचा खास शब्द यांच्या परवानगीविना व्यापारी वापराला मनाई केली. आपला इतका घरचा शब्द कोर्टकचेरीपर्यंत पोचला!

राहता राहिला जीएसटी. १ ऑक्टोबर २०२३पासून ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या महाराष्ट्रातल्या छोट्या विक्रेत्याला ऑनलाइन बाजारावर नोंदणीशिवाय वस्तू विकता येतात. पॅनच्या आधारे एक नावनोंदणी क्रमांक पुरतो. अट एवढीच, की माल राज्याबाहेर जाता कामा नये. मकबऱ्याचा मग सोलापूरला या सवलतीत जातो. हैदराबादला पाठवायचा तर आधी जीएसटी क्रमांक काढावा लागतो.