जाते कुठे मांडले आहे? ससा, कोंबडी आणि मासा यांच्या पोटांचा तुलनात्मक विचार

शेतकऱ्याच्या घरात पचनाचा पहिला धडा गोठ्यात मिळतो. गाय दिवसभर चरते, मग सावलीला बसून रवंथ करते. त्यामुळे गवतावर जगणारा कोणताही प्राणी रवंथ करतच असणार, असे आपण धरून चालतो. ससा बसल्या जागी तोंड हलवताना दिसला की त्यालाही आपण याच पंगतीत बसवतो. प्रत्यक्षात ससा रवंथ करत नाही. गाय जे काम पोटाच्या पुढच्या टोकाला करते, तेच काम ससा मागच्या टोकाला करतो. ससा पाळणाऱ्याने हा फरक ओळखला नाही, तर तो सशाच्या जिवावर बेतू शकतो.

मी प्राणिशास्त्राचा पदवीधर नाही. गुंजवणीच्या काठी मार्गासनीत राहून, जुनी पाठ्यपुस्तके, मराठी विश्वकोशातल्या नोंदी आणि कोंबडीवाल्याकडून किंवा मासे धरणाऱ्यांकडून मागून आणलेली आतडी, एवढ्या भांडवलावर मी हा अभ्यास करत आलो. बरीच वर्षे आतडी मोजल्यावर माझ्या ध्यानात आले की, पोटांची तुलना करताना लांबी-रुंदीपेक्षा कामांची वाटणी पाहावी. कामे तीनच असतात. अन्न दळणे, आम्लाने व पाचकरसांनी ते विरघळवणे आणि जे कशानेच विरघळत नाही ते जीवाणूंकडून आंबवून घेणे. गवतातला तंतुमय भाग, म्हणजे सेल्युलोज, पचवणारा रस गाय, ससा, कोंबडी किंवा माणूस यांपैकी कोणाच्याच शरीरात तयार होत नाही. तिथे जीवाणूंनाच शरण जावे लागते. आता दळण्याचे जाते कुठे मांडायचे आणि आंबवण्याचा रांजण कुठे ठेवायचा, याचे उत्तर प्रत्येक प्राण्याने आपापल्या जगण्यानुसार दिले आहे.

आधी ससा पाहू. आपल्या माळरानावर दिसणारा काळ्या मानेचा ससा आणि पिंजऱ्यात पाळला जाणारा पांढरा ससा या दोन वेगळ्या जाती आहेत, पण पोटाची मांडणी दोघांची सारखीच आहे. सशाचे जाते तोंडात असते. आयुष्यभर वाढत राहणाऱ्या दातांनी तो गवत अगदी बारीक करतो. पुढे साधे जठर, त्यानंतर लांब लहान आतडे आणि लहान आतडे जिथे मोठ्या आतड्याला मिळते तिथे एक भली मोठी पिशवी. तिला अंधनाल म्हणतात. माणसात ती जेमतेम बोटभर असते. पाळीव सशात मात्र ती सुमारे दोन विती लांब असून तिच्यात जठराच्या कितीतरी पट माल मावतो. हाच सशाचा आंबवण्याचा रांजण.

इथे एक अडचण उभी राहते. गाईचा रांजण जठराच्या आधी असल्यामुळे आंबलेला माल आणि त्यात वाढलेले जीवाणू पुढे जठरात जातात, पचतात आणि लहान आतड्यात शोषले जातात. सशाचा रांजण लहान आतड्याच्या नंतर आहे. तिथे तयार झालेली प्रथिने आणि ब गटातली जीवनसत्त्वे तशीच बाहेर पडली, तर सगळे कष्ट वाया. शिवाय सशाला ओकताही येत नाही, म्हणजे पुढच्या वाटेने काही परत आणता येत नाही. म्हणून तो मागच्या वाटेने आणतो. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला भरड आणि बारीक माल वेगळा होतो. भरड चोथा कोरड्या, गोल लेंड्या होऊन बाहेर पडतो. बारीक माल उलट दिशेने अंधनालीत ढकलला जातो, तिथे आंबतो आणि नंतर बुळबुळीत आवरणाच्या मऊ गोळ्यांच्या रूपाने बाहेर येतो. या गोळ्या ससा थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन, न चावता गिळतो. फ्रान्समधले पशुवैद्य मोरो यांनी 1882 साली या सवयीचे शास्त्रीय वर्णन केले. रानात कोरड्या लेंड्या सगळ्यांनी पाहिलेल्या असतात, पण मऊ गोळी सहसा कोणाला दिसत नाही. जमिनीवर पडायच्या आधीच ती पुन्हा पोटात गेलेली असते.

या व्यवस्थेत भरड चोथ्यापासून पोषण फारसे मिळत नाही, पण आतड्याची हालचाल त्याच्यामुळेच चालू राहते. गवताऐवजी पाव, बिस्किटे, चपाती दिली की हालचाल मंदावते, पिठूळ अन्न अंधनालीत पोचते आणि तिथे नको ते जीवाणू माजतात. त्याहून घातक गोष्ट औषधाची. आमच्या ओळखीच्या एका घरी मुलांचा ससा शिंकू लागला, म्हणून घरात उरलेले माणसांचे प्रतिजैविक त्याला पाजले गेले. दोन दिवसांत त्याला जुलाब झाले आणि चौथ्या दिवशी तो गेला. तोंडावाटे दिलेली पेनिसिलिन गटातली औषधे सशाच्या अंधनालीतले उपयोगी जीवाणू मारतात. मग विष तयार करणाऱ्या जीवाणूंना रान मोकळे मिळते. माणसाला बरे करणारे औषध सशाला मारते, याचे मूळ रांजणाच्या जागेत आणि त्यातल्या वस्तीत आहे.

आता कोंबडी. पक्ष्याला उडायचे म्हणजे वजन आवरायला हवे आणि तेही शरीराच्या मध्याशी ठेवायला हवे. जड दात आणि जबडा डोक्यात बाळगणे परवडणारे नाही. म्हणून पक्ष्यांनी जाते तोंडातून काढून पोटात नेले. कोंबडी दाणा टिपते तो आधी मानेच्या पायथ्याशी असलेल्या पिशवीत, अन्नपुटात, साठतो आणि भिजतो. पुढे पाचकरस सोडणारे लहानसे ग्रंथिल जठर आणि त्याच्या पुढे पेषणी. कलेजीबरोबर पेटा म्हणून जो जाड, लाल, मांसल गोळा मिळतो तीच ही पेषणी. तो साफ करताना आतली पिवळी, चिवट साल सोलावी लागते. ती जात्याची तळी. त्यात जे खडे सापडतात, ते जात्याचे टाके.

फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर यांनी 1752 साली प्रसिद्ध केलेले प्रयोग या संदर्भात वाचण्यासारखे आहेत. दाणे खाणाऱ्या पक्ष्यांना त्यांनी धातूच्या नळ्या गिळायला लावल्या, तेव्हा पेषणीने त्या चेपून टाकल्या. शिकारी पक्ष्याने मात्र मांस भरलेली, जाळीची तोंडे असलेली नळी जशीच्या तशी ओकून टाकली, पण आतले मांस विरघळू लागले होते. पचन म्हणजे केवळ दळणे नव्हे, हे त्यातून दिसले. पक्षी एक, पण कोणाचे जाते मोठे तर कोणाचा रस तेज.

आंबवण्याचे काम कोंबडीतही थोडे चालते. तिला एक नाही, दोन अंधनाली असतात, साधारण वीतभर लांबीच्या. म्हणून खुराड्यात दोन तऱ्हेची विष्ठा दिसते. एक नेहमीची, पांढरी टोपी असलेली आणि अधूनमधून दुसरी, तपकिरी, चिकट. ही दुसरी म्हणजे अंधनालीतला माल. तो पाहून कोंबडी आजारी आहे असे समजून घाबरण्याचे कारण नाही. मात्र फरशीवर कोंडलेल्या कोंबडीला अख्खी ज्वारी किंवा मका टाकायचा असेल, तर बारीक खडे द्यावेच लागतात. मोकळी फिरणारी कोंबडी ते स्वतः वेचते. दळलेले खाद्य खाणारीला त्यांची तेवढी गरज नसते.

जात्याची जागा थोडी सरकली तर बागेवर काय परिणाम होतो, याचे उदाहरण कोकणात आहे. फुलटोचा हा चिमुकला पक्षी बांडगुळाची फळे खातो. त्याची पेषणी वाटेत नसून बाजूला, एखाद्या खिशासारखी असते. कीटक दळायला तिकडे वळतात. फळ मात्र तिला टाळून सरळ आतड्यात जाते आणि काही मिनिटांतच त्याची चिकट बी अखंड बाहेर पडून फांदीला चिकटते. सलीम अली यांनी 1931 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात कोकणातल्या बांडगुळाचा प्रसार आणि हे पक्षी यांच्याविषयी लेख लिहिला होता. आंब्यावर बांडगूळ पसरते त्यामागे फुलटोच्याच्या आतड्यातली ही आडवाट आहे.

माशांकडे वळताना गोष्ट आणखी बदलते. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस आणि आपल्या नद्यांतला महासीर हे सगळे एकाच कुळातले, आणि या कुळाला जठरच नाही. जबड्यातही दात नाहीत. जाते आहे ते घशात. रोहूचे डोके कापताना कल्ल्यांच्या मागे दात असलेली कठीण हाडे सुरीला लागतात. अन्न तिथे भरडले जाते आणि थेट आतड्यात उतरते. आम्लाचे काम नाही, म्हणून पाचकरसांना वेळ मिळावा यासाठी शेवाळ व वनस्पतींचे कुजके अवशेष खाणाऱ्या रोहूचे आतडे शरीराच्या कितीतरी पट लांब, वेटोळ्यांचे असते. उलट मरळ अख्खा बेडूक गिळते. तिला आम्ल सोडणारे, ताणले जाणारे जठर आहे आणि आतडे आखूड. एकाच पाण्यातले हे दोघे शेजारी, पण पोटाने अगदी परके.

जठर म्हणजे कोठारही असते. ज्याला कोठार नाही, त्याला एकदम ढीग टाकून उपयोग नसतो. थोडे थोडे, वरचेवर खाणे हाच त्याचा धर्म. मत्स्यशेतीत खाद्य विभागून देतात ते म्हणूनच. हीच गोष्ट देवाच्या डोहांना लागू आहे. आमच्या घाटमाथ्यापलीकडे महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथले महासीर देवीचे म्हणून कोणी मारत नाही. पुण्याच्या मुळा-मुठेतून मिळालेल्या महासीरच्या एका जातीचे साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने 1839 साली वर्णन केले आणि स्थानिक बोलीतूनच तिला ‘खुद्री’ नाव दिले. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून महासीरची पैदास करून पिल्ले वाटली जातात. इतकी धडपड ज्या माशासाठी होते, तो श्रद्धेच्या आधाराने डोहात टिकून आहे, ही मोठी गोष्ट. पण डोहात पिशवीभर चुरमुरे आणि कणकेचे गोळे पडले, तर मासा खाईल तेवढे खातो आणि उरलेले तळाशी कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो. उन्हाळ्यात वाहते पाणी आटल्यावर याची झळ माशालाच लागते.

ससा, कोंबडी आणि मासा यांत कोणाचे पोट प्रगत आणि कोणाचे मागासलेले, असा प्रश्न मला निरर्थक वाटतो. जठर नसलेला मासा काही अपुरा नाही आणि आपलीच विष्ठा खाणारा ससा काही घाणेरडा नाही. तिघांनीही तीच तीन कामे आपल्या सोयीच्या जागी मांडली आहेत. आपण मात्र सगळ्यांना आपल्याच पोटाने मोजतो. जे आपल्याला गोड, ते त्यालाही चालेल, असे धरतो. मुक्या प्राण्यांना घास घालणे आपल्याकडे पुण्याचे मानतात आणि ते मला मनापासून पटते. म्हणून सशापुढे गवताची पेंढी असावी, दाणे टिपणाऱ्या कोंबडीला मूठभर बारीक खडे मिळावेत आणि डोहावर गेल्यावर चार चुरमुरे टाकून, ते संपेपर्यंत काठावर थांबावे.