टेलिफोनची तार आणि नागरिकाचे स्वातंत्र्य

राष्ट्राचे संरक्षण हे राज्यसंस्थेचे आद्य कर्तव्य होय, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परचक्र आले असता किंवा देशात घातपाताचे कट शिजत असता शासनाच्या हाती काही विशेष अधिकार असावेच लागतात. परंतु अधिकार जितका गुप्त, तितका त्याचा गैरवापर सुलभ. ज्याच्यावर पाळत ठेवली जाते, त्यास तिची वार्ताही नसते. मग तक्रार करावी कोणी? हे काम बहुधा नागरी स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या लहान संस्था करीत आल्या आहेत. त्यांच्यापाशी ना सत्ता, ना द्रव्यबळ. तरीही कायद्यावर त्यांचा ठसा कसा उमटतो, हे एका प्रत्यक्ष खटल्याच्या आधारे आम्ही येथे सांगू इच्छितो.

नागरी स्वातंत्र्य हा शब्द आम्हां गोमंतकीयांस नवा नाही. 18 जून 1946 रोजी मडगाव येथे डॉ. राममनोहर लोहिया यांनी सभाबंदी मोडली, ती याच स्वातंत्र्यासाठी. स्वतंत्र भारताची गोष्ट अर्थातच निराळी. येथे राज्यघटना आहे, न्यायालये आहेत. तथापि 1975 ते 1977 या आणीबाणीच्या काळात ‘मिसा’ कायद्याखाली हजारो लोक चौकशीवाचून स्थानबद्ध झाले. अशा स्थानबद्धास सुटकेसाठी न्यायालयाकडे दाद मागता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 28 एप्रिल 1976 रोजी बहुमताने दिला. पाच न्यायाधीशांपैकी एकटे न्या. हंसराज खन्ना विरुद्ध मताचे होते. त्याच वर्षी जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने एक संघटना उभी राहिली. 1980 पासून ती ‘पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज’ या नावाने ओळखली जाते. सासवड येथे जन्मलेले आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेले वि. म. तारकुंडे हे तिच्या आरंभीच्या धुरीणांपैकी एक होत.

आता मुख्य विषयाकडे वळू. इंग्रज सरकारने 1885 साली तारायंत्राचा कायदा केला. सार्वजनिक आणीबाणी उद्भवल्यास किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्यास सरकारने लोकांचे संदेश अडवावे वा ऐकावे, अशी त्याच्या पाचव्या कलमात तरतूद होती. मात्र हुकूम कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने द्यावा, तो किती दिवस चालावा, जमविलेल्या नोंदींचे पुढे काय करावे, यांविषयीचे नियम शंभर वर्षे उलटली तरी झालेच नव्हते. 1991 साली राजकीय पुढाऱ्यांचे टेलिफोन ऐकले जात असल्याबद्दलचा केंद्रीय अन्वेषण विभागाचा अहवाल एका नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो हाती घेऊन या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. स्वतःस झळ पोहोचली नसतानाही लोकहितार्थ न्यायालयाचे दार ठोठावता येते, ही आपल्या न्यायपद्धतीतील सोय येथे उपयोगी पडली. संघटनेची बाजू राजिंदर सच्चर यांनी मांडली. कोणाचाही टेलिफोन ऐकण्यापूर्वी न्यायालयाची अनुज्ञा घेतली जावी, असे त्यांचे म्हणणे होते.

18 डिसेंबर 1996 रोजी निकाल लागला. घरी वा कचेरीत बसून टेलिफोनवर केलेले संभाषण हा व्यक्तीच्या खाजगी जीवनाचा भाग असून घटनेच्या 21 व्या कलमाचे त्यास संरक्षण आहे, असे न्यायालयाने ठरविले. हुकूम केंद्राच्या वा राज्याच्या गृहसचिवानेच द्यावा. तातडीच्या प्रसंगी तो अधिकार सहसचिवाहून खालच्या अधिकाऱ्याकडे सोपवू नये. हुकुमाची मुदत दोन महिने असावी व ती वाढविली तरी एकूण सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये. एका समितीने दोन महिन्यांच्या आत हुकूम तपासावा आणि तो बेकायदा ठरल्यास जमविलेल्या नोंदी नष्ट करवाव्यात, असे दंडक घालून दिले. संघटनेची मुख्य मागणी, म्हणजे न्यायालयाची पूर्वानुज्ञा, मात्र मान्य झाली नाही. तपासणारी समितीही सरकारी सचिवांचीच राहिली. विजय मिळाला तो असा अर्धामुर्धा.

तरीही त्या अर्ध्या विजयाचे फळ लहान नव्हे. पुढे सरकारने हे दंडक नियमांत समाविष्ट केले. 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगी जीवनाचा हक्क मूलभूत असल्याचे एकमताने घोषित केले, तेव्हा या निकालाचाही आधार घेतला गेला. आणि त्याच वेळी 1976 चा तो निर्णय चुकीचा म्हणून मोडीत निघाला. 2019 साली मुंबई उच्च न्यायालयाने लाचलुचपतीच्या एका प्रकरणातील टेलिफोन ऐकण्याचे हुकूम रद्द केले. तेथे सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्नच नव्हता, हे त्याचे कारण. आता 2023 च्या दूरसंचार कायद्याने जुन्या कायद्याची जागा घेतली असली, तरी 2024 च्या नियमांत मुदतीचे बंधन आणि तपासणी समिती या दोन्ही गोष्टी आढळतात.

प्रत्येक वेळी यश येतेच असे नाही. दहशतवादविरोधी ‘पोटा’ कायद्यास याच संघटनेने दिलेले आव्हान डिसेंबर 2003 मध्ये फेटाळले गेले. तो कायदा पुढे 2004 साली संसदेच्या मार्गाने रद्द झाला.

विद्यार्थिमित्रांनी यातून ध्यानी घ्यावयाचे ते हे: या संस्था राष्ट्राच्या सुरक्षिततेच्या वैरी नव्हेत. अधिकार कोणाचा, किती काळ आणि त्याचा हिशेब कोणापुढे, हे तीन प्रश्न त्या विचारीत राहतात. छापील कागद जपून ठेवणे, कायद्याचे कलम लक्षपूर्वक वाचणे आणि पाच वर्षे निकालाची वाट पाहणे, एवढीच त्यांची साधने होती. ती कोणत्याही सुजाण नागरिकास साध्य आहेत, असे आम्हांस वाटते.