प्रवेशाच्या पानावर आधी फी

सकाळी साडेसहा

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात शेतकरी पालक उजाडल्याबरोबर फोन करतात, कारण मृग लागला की दिवस वावरात जातो. आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाचं प्रवेशाचं पान मी सांभाळतो. इंटरनेटवाले त्याला लँडिंग पेज म्हणतात. पत्रकावरचा क्यूआर कोड स्कॅन केला किंवा जाहिरातीवर बोट ठेवलं की माणूस थेट तिथं येतो. आज पहिला फोन अंजनगावकडचा होता. "सर, पोरीले अकरावी सायन्सले टाकाचं हाये. होस्टेल भेटन काय? अन् सगळे मिळून कितीक लागतीन?"

या ‘सगळे मिळून’वरच आमचं पान उभं आहे. कॉलेजची फी, वसतिगृह, मेस, अनामत हे आकडे चार ठिकाणी विखुरलेले असले तर बापाला काहीच कळत नाही. त्याला वर्षाची एक रक्कम हवी असते. पेरणीचे पैसे बाजूला काढून उरलेल्यात ती बसते का, हे त्याला आजच ठरवायचं असतं. म्हणून ती रक्कम आम्ही पानावर सगळ्यात वर छापतो, आणि तिच्याखालीच ती कशी झाली तेही.

सकाळी साडेनऊ

ऑफिसातून सुधारित सूचना आली ती कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. तशीच पानावर चिकटवली तर वाचणाऱ्याला नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते, आणि गूगललाही त्यात मराठी सापडत नाही. युनिकोडमध्ये बदलून घेतली तरी डोळ्यांत तेल घालून वाचावी लागते. ‘शेतकऱ्यांच्या’चं ‘शेतकर्यांच्या’ होऊन बसतं. कॉलेजच्या पानावर असं मराठी दिसलं तर पालकांनी आमच्यावर विश्वास का ठेवावा?

मग फोटो. प्रयोगशाळेचा मोबाइलवर काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो दीडशे केबीच्या आत आणतो. मेळघाटात रेंज येते-जाते. पान उघडायला वेळ लागला तर तिथला पालक थांबत नाही, आणि त्यानं थांबावं तरी कशाला? त्याच कारणानं वर मेनू नाही, सरकत्या चित्रांची पट्टी नाही. संस्थेचा इतिहास आणि अध्यक्षांचं मनोगत वेबसाइटवर आहेच. इथं एकच प्रवेश, एकच फोन नंबर, आणि नंबरवर बोट ठेवलं की थेट कॉल.

सकाळी अकरा

संचालकांसोबत बैठक. एका जाहिरात कंपनीनं नमुना पाठवला होता. त्यात कुठल्याशा परक्या देशातली गोरी, हसरी मुलं, आणि फीच्या जागी ‘माहितीसाठी आपला नंबर द्या’. मी ठाम नाही म्हटलं. फी लपवून नंबर घेतले की यादी लांबलचक होते, पण त्यातल्या निम्म्या घरांना ती फी परवडणारी नसते, आणि नंतर फोनवर ते त्यांच्या तोंडून वदवून घ्यावं लागतं. एखाद्या बापाला असं अवघडवणं मला मान्य नाही.

फॉर्मवरूनही बोलणं झालं. जाहिरात कंपनीला मुलीचं नाव, जन्मतारीख, आधार, सगळंच हवं होतं. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्यांची माहिती घ्यायला पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. चौकशीसाठी पालकाचं नाव, मोबाइल, गाव आणि शाखा एवढं पुरतं. संचालकांना पटलं. फोटोत आमच्याच मुली राहतील, तेही घरच्यांची लेखी परवानगी असेल तर.

दुपारी एक

डबा खाताना आज वसतिगृहाचाच विषय निघाला. अमरावतीत तो जुना आहे. डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुखांनी इथं सगळ्या जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय चालवलं, आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. खेड्यातल्या मुलाला शहरात नुसती शाळा असून भागत नाही, आधी राहायची-जेवायची सोय लागते, हे भाऊसाहेबांनी ओळखलं होतं. अंजनगावच्या त्या बापानंही आधी होस्टेलचंच विचारलं.

दुपारी तीन

अकरावीचा प्रवेश आमच्या हातात नाही. अमरावती महापालिका क्षेत्रात केंद्रीय ऑनलाइन पद्धत आधीपासून होती, २०२५-२६पासून ती सगळ्या राज्याला लागू झाली. दहापर्यंत पसंतीक्रम भरता येतात, आणि पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की प्रवेश घ्यावाच लागतो. त्यामुळे आमचा कॉलेज कोड, कोणती तुकडी अनुदानित, कोणती विनाअनुदानित आणि मागच्या वर्षीचा कटऑफ हे ठळक दिलं. कटऑफ लपवला तर एखादी मुलगी पसंतीची एक जागा फुकट घालवेल.

एक खुलासाही टाकला. मुलींना शंभर टक्के फीमाफी, ही २०२४ची सवलत व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, तीही कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर. खूप पालक ती अकरावीलाच धरून चालतात.

संध्याकाळी साडेपाच

पत्रकं घेऊन सेतू केंद्रावर गेलो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर यांसाठी पालक तिथं रांगेत असतात, आणि पुष्कळदा अकरावीचा फॉर्मही तिथला संगणकावर बसलेला पोरगाच भरून देतो. त्याला आमचं पान नीट समजावून दिलं. प्रत्येक ठिकाणच्या पत्रकावर वेगळा क्यूआर कोड असतो, त्यावरून माणसं कुठून आली ते कळतं. रंगीत फ्लेक्सपेक्षा हे सेतू केंद्र जास्त पालक पाठवतं. पुढच्या वर्षी फ्लेक्सचा खर्च इकडे वळवा, असं मी संचालकांना सांगणार आहे.

रात्री नऊ

घरोघरी जेवणं आटोपली की पानावर गर्दी होते. आज धारणीकडून एका आईचा व्हॉट्सॲप आला. मुलगी कोरकू, दहावीला चांगले गुण, पण आमच्या वसतिगृहाचा खर्च झेपणारा नाही. दुसरं काही आहे का?

आहे. आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहं अमरावतीत आहेत, तिथं राहणं-जेवण मोफत. पुढे बारावीनंतरच्या शिक्षणाला तिथं जागा मिळाली नाही, तर राहण्या-जेवणासाठी पैसे देणारी स्वयम् योजना आहे. हे त्या आईला लिहून पाठवलं, कागदपत्रांच्या यादीसह. मग तीच माहिती पानावर आमच्या वसतिगृहाच्या रकमेच्या लगेच खाली टाकली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. वॉर्डनबाई उद्या विचारतील की आपल्या खाटा रिकाम्या राहिल्या तर काय. राहिल्या तर राहू देत, मुलगी वर्गात बसली पाहिजे. सकाळी आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयाला फोन करून अर्जाची तारीख विचारायची आहे. तीही तिथंच चढवीन.