मुलाची तपासणी झाली का?

सत्तरीच्या एक आजी सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. लग्नाला सहा वर्षे झालेली. जाडजूड फाइलमध्ये सोनोग्राफी, हार्मोन्स, गर्भनलिकांचा एक्स-रे, सारे सुनेचेच. मुलाची वीर्यतपासणी झाली का, असे विचारताच आजी दुखावल्या. "त्याला काय झालंय, डॉक्टर? चांगला धडधाकट आहे!" सून खाली मान घालून बसली होती.

शरीर धडधाकट असले म्हणजे शुक्रजंतूही निर्दोष असतात असे नाही. अपत्यहीन जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडील दोष पूर्णतः वा अंशतः कारणीभूत असतो. तरीही ही वेदनारहित, स्वस्त तपासणी आपल्याकडे सर्वांत शेवटी होते.

अखेर मुलाची तपासणी झाली. बहुतेक शुक्रजंतूंचे डोके वा शेपूट सदोष, हालचालही मंद. निरोगी पुरुषातही सुघड शुक्रजंतू थोडेच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत त्यांची खालची मर्यादा 4 टक्के आहे. शिवाय शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे अडीच महिने लागत असल्याने मागे येऊन गेलेला तापही अहवालात उमटू शकतो. म्हणून तपासणी पुन्हा करवली, तंबाखू सोडायला लावली. निष्कर्ष मात्र तोच आला.

अशा वेळी 'इक्सी' हा उपचार उपयोगी पडतो. या पद्धतीने झालेल्या पहिल्या गर्भधारणांची नोंद ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केली. सूक्ष्मदर्शकाखाली त्यातल्या त्यात चांगला एकच शुक्रजंतू निवडून तो काचेच्या अतिसूक्ष्म सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात. पोहत जाणे, बीजाचे कवच भेदणे हे शुक्रजंतूला न जमणारे काम सुई करते. यशाची हमी नसते. पत्नीचे वय वाढते तशी शक्यता घटते. म्हणून नवससायासांत वर्षे दवडू नयेत. 2021 च्या कायद्यानुसार केंद्र नोंदणीकृत असल्याची खात्रीही करावी.

दोष पतीत असला तरी रोजची इंजेक्शने, बीजे काढताना भूल, हे सारे पत्नीच्याच वाट्याला येते. हे ऐकून आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "घरी मी काय बघायचं, ते सांगा."

बीजे काढल्यानंतर पोट फुगून वाढत्या वेदना होणे, दम लागणे, उलट्या होणे वा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता उपचारकेंद्राला कळवावे. आजींनी हे माझ्याकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतले.